गप्प कनेक्शनचा भार: सिलेक्ट, पोल, ईपोल, केक्यू आणि आयओ-यूरिंग

निळी_शाई (धागाकर्ती)

मालवाहू वाहनांत बसवलेल्या जीपीएस ट्रॅकरकडून माहिती गोळा करणारा एक सर्व्हर सध्या माझ्याकडे देखभालीसाठी आला आहे. प्रत्येक ट्रॅकर एक टीसीपी कनेक्शन उघडून ठेवतो, अर्ध्या-पाऊण मिनिटाने शे-सव्वाशे बाइटचे एक पाकीट पाठवतो आणि उरलेला सगळा वेळ गप्प असतो. मूळ प्रोग्रॅम सी भाषेत, पोल (कोणती कनेक्शन तयार आहेत हे कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, विचारणारा सिस्टिम कॉल) वापरून लिहिलेला आहे. कनेक्शन हजार-दीड हजार होती तोवर त्याची काही तक्रार नव्हती. आता ती दहा हजारांच्या घरात गेल्यावर प्रोसेसरचा एक कोअर सतत तापलेला असतो, आणि त्या वेळातला फारच थोडा भाग आलेली पाकिटे वाचण्यात जातो. ईपोल या लिनक्समधल्या पर्यायाकडे वळण्यापूर्वी हा भार नेमका कुठून येतो ते पक्के करून घ्यावे म्हणून हा धागा काढला आहे.

मला कळले आहे ते असे. सिलेक्ट हा याच कामाचा जुना कॉल १९८३ मध्ये ४.२ बीएसडी या यूनिक्सबरोबर आला. त्याला विचारायचे ते बिटांच्या तीन संचांतून: वाचण्यासाठी कोण तयार आहे, लिहिण्यासाठी कोण, आणि अपवादात्मक स्थिती कोणाची आहे. लिनक्सवर ग्लिबसी या सी लायब्ररीने हा संच १,०२४ बिटांचा, म्हणजे १२८ बाइटचा, ठरवून टाकला आहे. १,०२४ किंवा त्यापुढच्या क्रमांकाचा डिस्क्रिप्टर (उघड्या कनेक्शनला वा फाइलला कर्नलने दिलेला क्रमांक) त्यात टाकला तर साध्या बिल्डमध्ये मुकाट्याने संचाबाहेरच्या मेमरीत बिट लिहिला जातो. शिवाय परतताना कर्नल याच संचांवर उत्तर लिहितो, त्यामुळे दर फेरीला ते नव्याने भरावे लागतात. सिस्टिम व्ही यूनिक्समधून आलेल्या पोलने आकड्याची मर्यादा काढली, प्रश्न आणि उत्तर वेगळ्या रकान्यांत ठेवले. पण दर वेळी सगळी यादी कर्नलपुढे मांडायची ही रीत त्यानेही सोडली नाही.

आमच्या सर्व्हरपुरते गणित मांडून पाहिले. दहा हजार ट्रॅकर सरासरी चाळीस सेकंदांनी बोलतात असे धरले तर सेकंदाला अडीचशे पाकिटे येतात, आणि ती विखुरलेली असल्यामुळे पोल जवळजवळ प्रत्येक पाकिटागणिक एकदा जागा होतो. यादीतली एक नोंद आठ बाइटची, म्हणजे दर वेळी ८०,००० बाइट कर्नलमध्ये उतरतात; ते एक वेळ सोडून देऊ. खरा खर्च पुढे आहे. कर्नल दहा हजार सॉकेटपैकी प्रत्येकाला विचारतो, कोणीच तयार नसेल तर प्रत्येकाच्या प्रतीक्षा-रांगेत आपली नोंद लावून झोपतो, एका पाकिटाने जाग आली की पुन्हा सगळ्यांना विचारतो, आणि परतण्यापूर्वी त्या दहा हजार नोंदी एकेक करून काढतो. अडीचशे पाकिटे मिळवण्यासाठी सेकंदाला पंचवीस लाख विचारणा, आणि जागे झाल्यावरची दुसरी फेरी धरली तर पन्नास लाख. यात कुठे चूक होत असेल तर जाणकारांनी सांगावे.

सह्यवारा

गणित बरोबर आहे; फक्त एक बारकावा जोडतो. पोलला यादी चाळताना पहिला तयार डिस्क्रिप्टर सापडला की तेथून पुढे तो प्रतीक्षा-रांगेत नोंदी लावणे थांबवतो, कारण आता झोपायचेच नसते. म्हणून वाहता सर्व्हर पोलवर त्या मानाने बरा चालतो आणि तुमच्यासारखा, ज्यात बहुतेक जण बहुतेक वेळ गप्प आहेत तो, सगळ्यात वाईट चालतो.

हेच निदान १९९९ मध्ये गौरव बंगा, जेफ्री मोगल आणि पीटर ड्रुशेल यांनी त्यांच्या यूजनिक्स या परिषदेतल्या निबंधात केले होते: कर्नलने यादी स्वतःकडे लक्षात ठेवावी आणि प्रोग्रॅमने फक्त तीत झालेला बदल कळवावा. त्याच वर्षी डॅन केगेल यांनी एका यंत्रावर दहा हजार ग्राहक सांभाळण्याचा ‘सी-टेन-के’ प्रश्न मांडला, आणि त्यानंतरच्या तीन-चार वर्षांत प्रत्येक यूनिक्सने आपापले उत्तर काढले. सोलारिसने डेव्ह-पोल आणले, फ्रीबीएसडीने २००० साली ४.१ मध्ये जोनाथन लेमन यांचा केक्यू आणला, आणि लिनक्समध्ये डेव्हिडे लिबेन्झी यांचा ईपोल २००२ मध्ये २.५.४४ मध्ये शिरून २.६ बरोबर सर्वांच्या हाती पडला. मधल्या काळात लिनक्स २.४ वर रिअल-टाइम सिग्नलचा एक प्रयोग होता, ज्यात रांग भरली की सिग्नल हरवत आणि सर्व्हरला नाइलाजाने पुन्हा पोल करून सगळ्यांची विचारपूस करावी लागे. त्याच्या आठवणी न काढलेल्याच बऱ्या.

ईपोलमध्ये डिस्क्रिप्टर नोंदवताना कर्नल त्याची नोंद एका रेड-ब्लॅक ट्रीमध्ये ठेवतो आणि सॉकेटच्या प्रतीक्षा-रांगेत एक कॉलबॅक कायमचा बसवतो. पाकीट आले की तो कॉलबॅक त्या नोंदीला तयार-यादीत ढकलतो. ईपोल-वेट फक्त ही तयार-यादी पाहतो; गप्प बसलेल्या ९,९९९ जणांकडे तो ढुंकूनही पाहत नाही. त्यांची किंमत उरते ती मेमरीची, ६४-बिट कर्नलवर नोंदीमागे सुमारे १६० बाइट, म्हणजे लाख कनेक्शनला १६ एमबीच्या आसपास.

मात्र ‘ईपोल म्हणजे ओ-ऑफ-वन’ (संख्या कितीही असो, खर्च तेवढाच) असे जे सर्रास म्हटले जाते ते अर्धवट आहे. नोंद शोधणे ट्रीच्या उंचीइतके महाग असते, आणि वेटचा खर्च तयार असलेल्यांच्या संख्येइतका असतो. सगळी दहा हजार कनेक्शन सतत बोलत असतील तर ईपोल पोलपेक्षा फारसा स्वस्त पडणार नाही.

अनुस्वार

ईपोलकडे जाताना पहिला निर्णय घ्यावा लागतो तो लेव्हल-ट्रिगर्ड की एज-ट्रिगर्ड याचा, आणि तो बहुतेक जण कोणाच्या तरी बेंचमार्ककडे पाहून घेतात. लेव्हलमध्ये कर्नल ‘या सॉकेटमध्ये वाचण्याजोगे काही शिल्लक आहे’ असे प्रत्येक वेटला सांगत राहतो. एजमध्ये तो ‘काहीतरी नवे आले’ एवढेच, आल्या क्षणी, एकदा सांगतो. तुम्ही अर्धे वाचून बाजूला झालात तर उरलेल्या अर्ध्याची आठवण करून देण्याची जबाबदारी त्याच्यावर नाही. म्हणून एजमध्ये रीडला ईअगेन (‘आत्ता जमणार नाही, नंतर पाहा’ ही त्रुटी) मिळेपर्यंत वाचत राहणे हा नियम आहे, आणि त्यासाठी सॉकेट नॉन-ब्लॉकिंग, म्हणजे वाट पाहत न अडकणारा, असणे अनिवार्य आहे.

या नियमाची दुसरी बाजू मात्र कमी सांगितली जाते. एखादा ग्राहक तुम्ही वाचता त्याहून वेगाने पाठवत असेल तर ईअगेन येतच नाही, आणि बाकीचे सगळे ताटकळत बसतात. मग एका फेरीत एका सॉकेटमधून किती वाचायचे याला मर्यादा घालावी लागते आणि ज्यांचे वाचायचे राहिले त्यांची यादी स्वतः ठेवावी लागते. म्हणजे कर्नलवर सोपवलेले काम फिरून आपल्याच गळ्यात येते. आणखी एक खाच अशी, की मागितले त्याहून कमी बाइट मिळाले तर बफर रिकामा झाला असे मानून एक रीड वाचवता येतो. पण समोरच्याने तोवर कनेक्शन बंद केले असेल तर त्याची वेगळी सूचना पुन्हा येणार नाही. त्यासाठी ईपोल-आरडीहप हा झेंडा २.६.१७ पासून आहे आणि तो वापरावा.

लेव्हलचाही एक ठरलेला सापळा आहे. लिहिण्याची तयारी कायम नोंदवून ठेवली तर सॉकेटचा पाठवणी-बफर बहुतेक वेळ मोकळाच असल्यामुळे वेट लगोलग परततो आणि प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो. आधी सरळ लिहून पाहावे, ईअगेन आला तरच लिहिण्याची नोंद करावी, आणि तुंबलेले वाहून गेले की ती काढावी.

एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि गो भाषेचा रनटाइम एज वापरतात, नोडच्या खालचे लिबयूव्ही लेव्हल वापरते; ही सगळी माणसे आपापल्या जागी विचार करूनच तिथे पोचली आहेत. ट्रॅकरच्या सर्व्हरला, शे-सव्वाशे बाइटच्या पाकिटांना, मी डोळे झाकून लेव्हल निवडेन.

निळी_शाई

आभार. लेव्हल-ट्रिगर्ड आवृत्ती तयार करून चाचणीच्या यंत्रावर नकली ट्रॅकर जोडत गेले. हजारापर्यंत कोअर जवळजवळ रिकामा होता, आणि त्यानंतर लगेच तो एकदम शंभर टक्क्यांवर गेला. एसट्रेस (सिस्टिम कॉल दाखवणारे साधन) लावून पाहिले तर पडद्यावर दोनच ओळी आलटून पालटून धावत होत्या: ईपोल-वेट एक घटना घेऊन परततो, अ‍ॅक्सेप्ट उणे एक देतो आणि कारण ईएमफाइल, लगेच पुन्हा ईपोल-वेट, पुन्हा ईएमफाइल. नवे कनेक्शन एकही घेतले जात नव्हते. जुन्यांची पाकिटे मात्र येत होती.

सह्यवारा

ईएमफाइल म्हणजे डिस्क्रिप्टर संपले. प्रोसेसला दिलेली सॉफ्ट मर्यादा १,०२४ असणार. ही मर्यादा इतकी कमी का, याचे उत्तर तुमच्या पहिल्याच पोस्टमध्ये आहे. सिस्टिमडीने (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या यंत्रणेने) २४० व्या आवृत्तीत हार्ड मर्यादा ५,२४,२८८ पर्यंत वाढवली, पण सॉफ्ट मर्यादा मुद्दाम १,०२४ वर ठेवली, कारण सिलेक्ट वापरणारे जुने प्रोग्रॅम त्यापुढचा डिस्क्रिप्टर हाती आला की मेमरी बिघडवतात. ज्याला जास्त हवे त्याने सुरू होताना स्वतः सेट-आरलिमिटने सॉफ्ट मर्यादा हार्डपर्यंत न्यावी, असा तो संकेत आहे.

मर्यादा वाढवली तरी ती स्थिती कधीतरी येणारच, म्हणून कोडमध्ये तिची सोय हवी. अ‍ॅक्सेप्ट फसला तरी कनेक्शन रांगेतच राहते, लेव्हल-ट्रिगर्ड ईपोल त्याची आठवण करून देत राहतो, आणि तुम्ही पाहिले ते चक्र फिरू लागते. सरावातला तोडगा असा: सुरुवातीलाच डेव्ह-नल उघडून एक डिस्क्रिप्टर राखून ठेवायचा, ईएमफाइल आला की तो बंद करायचा, त्या मोकळ्या जागी कनेक्शन स्वीकारून लगेच बंद करायचे, आणि राखीव डिस्क्रिप्टर पुन्हा उघडायचा. पलीकडच्या ट्रॅकरला निदान नकार तरी कळतो आणि तो थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करतो.

पाटीपेन्सिल

केक्यूचा उल्लेख वर एका वाक्यात उरकला, ते मला पटत नाही. ईपोलमध्ये नोंद बदलायची तर प्रत्येक बदलाला एक स्वतंत्र सिस्टिम कॉल लागतो. केक्यूच्या केव्हेंट या एकाच कॉलमध्ये बदलांची यादी आत जाते आणि घटनांची यादी बाहेर येते. शंभर कनेक्शनच्या नोंदी बदलायच्या असल्या तरी एकच फेरी पडते. वाचण्याच्या घटनेबरोबर किती बाइट थांबले आहेत तो आकडा मिळतो, आणि लिसन करणाऱ्या सॉकेटवर किती कनेक्शन रांगेत आहेत तोही. टायमर, सिग्नल, प्रोसेस संपणे, फाइलमधले बदल हे सगळे त्याच एका रांगेतून येते. लिनक्सला त्यासाठी टायमर-एफडी, सिग्नल-एफडी असे तुकडे मागाहून जोडत बसावे लागले. व्हॉट्सअ‍ॅपने २०१२ च्या सुरुवातीला एका सर्व्हरवर वीस लाख कनेक्शन सांभाळल्याचे जाहीर केले, ते यंत्र फ्रीबीएसडीवर एर्लांग चालवत होते.

डिस्क्रिप्टर बंद करण्याच्या बाबतीत तर फरक फारच बोलका आहे. केक्यूमध्ये क्लोज केले की त्या डिस्क्रिप्टरच्या नोंदी गेल्या. ईपोलची नोंद मात्र डिस्क्रिप्टरच्या क्रमांकाला नव्हे, तर त्यामागच्या उघड्या फाइलला बांधलेली असते. तुम्ही फोर्क करून नवी प्रोसेस काढली असेल आणि त्या मुलाकडे त्या सॉकेटची प्रत राहिली असेल, तर इकडे क्लोज केल्यावरही घटना येत राहतात, आणि क्रमांक हातात नसल्यामुळे ती नोंद काढताही येत नाही.

अनुस्वार

रचनेच्या बाबतीत पाटीपेन्सिल यांच्याशी वाद घालण्यासारखे काही नाही. ईपोलचा हा दोष मान्यच करावा लागतो. उपाय दोन: प्रत्येक सॉकेट क्लोज-ऑन-एक्झेक (दुसरा प्रोग्रॅम चालू करताना आपोआप बंद होण्याचा झेंडा) लावूनच घ्यावा, त्यासाठी अ‍ॅक्सेप्ट-फोर २.६.२८ पासून आहे. आणि क्लोजपूर्वी नोंद स्वतः काढावी.

यालाच लागून असलेली एक चूक मात्र दोन्हीकडे होते. वेटने एकदम चाळीस घटना दिल्या. तिसरी हाताळताना तुम्ही ठरवले की अमुक कनेक्शन तोडायचे, आणि त्याची मेमरी सोडून दिलीत. त्याच कनेक्शनची घटना सदतिसाव्या जागी आधीच येऊन बसलेली असेल तर तिच्यातला पॉइंटर आता मेलेल्या मेमरीकडे बोट दाखवतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे दरम्यान त्याच जागी बसलेल्या नव्या कनेक्शनकडे. यावर एनजिनएक्सने केलेली युक्ती पाहण्यासारखी आहे. पॉइंटरचा शेवटचा बिट एरवी शून्यच असतो. तिथे ते कनेक्शनचा ‘इन्स्टन्स’ बिट ठेवतात, आणि जागा पुन्हा वापरताना तो उलटवतात. घटनेतला बिट आणि कनेक्शनमधला बिट जुळले नाहीत तर ती घटना शिळी समजून टाकून देतात. एवढे नको असेल तर सोडायच्या कनेक्शनची यादी करून ती चाळीस घटना संपल्यावर रिकामी करणे पुरते.

कोरा_कागद

मी या विषयात नवखा आहे. आयओ-यूरिंग आल्यावर ईपोल शिकण्यात अर्थ उरला आहे का? सगळीकडे तेच वेगवान असल्याचे वाचतो.

सह्यवारा

दोन्हींत विचारण्याची पद्धतच वेगळी आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. सिलेक्टपासून ईपोल-केक्यूपर्यंत सगळे ‘आता वाचलेस तर अडकणार नाहीस’ एवढेच सांगतात, वाचायचे आपणच. आयओ-यूरिंगमध्ये ‘या बफरमध्ये वाचून ठेव आणि झाले की कळव’ असे काम सोपवले जाते. विंडोजवर ही पद्धत आयओसीपीच्या रूपाने एनटी ३.५ पासून आहे. लिनक्समध्ये येन्स अ‍ॅक्सबो यांनी ती २०१९ मध्ये ५.१ मध्ये आणली: प्रोग्रॅम आणि कर्नल यांच्यात सामायिक मेमरीत दोन वर्तुळाकार रांगा, एक कामे सोपवण्याची आणि एक पूर्ण झालेली कामे उचलण्याची. अनेक कामे एका सिस्टिम कॉलमध्ये जातात, आणि साध्या फाइलींवरही हे चालते. ईपोलमध्ये साधी फाइल नोंदवायला गेलात तर ईपर्म ही नकाराची त्रुटी मिळते.

पण धाग्यातल्या उदाहरणाला ही पद्धत सरळ लावून पाहा. लाख ट्रॅकर गप्प आहेत आणि प्रत्येकासाठी रीड आधीच सोपवून ठेवायचा आहे, म्हणजे प्रत्येकाला बफरही आधीच द्यावा लागणार. चार-चार केबीचा दिला तर सुमारे ४०० एमबी नुसती वाट पाहण्यात अडकली. तयारी कळवणाऱ्या पद्धतीत बफर पाकीट आल्यावर लागतो, आणि सगळ्यांत मिळून एक पुरतो. विंडोजवर लोक यासाठी शून्य बाइटचा रीड सोपवून नुसती चाहूल घेत असत. आयओ-यूरिंगमध्ये आता बफरांचा एक साठा कर्नलकडे देऊन ठेवता येतो आणि पाकीट आले की तो त्यातला एक उचलतो. शिवाय एकदा सोपवलेला अ‍ॅक्सेप्ट ५.१९ पासून, आणि रिसीव्ह ६.० पासून, पुन्हा पुन्हा घटना देत राहतो. म्हणजे प्रश्न सुटला आहे, पण बराच उशिरा, आणि जुन्या कर्नलवर सुटलेला नाही.

सुरक्षिततेची बाजूही पाहावी लागते. गूगलने २०२३ मध्ये सांगितले की त्यांच्या कर्नल-बक्षीस योजनेत आलेल्या नोंदींपैकी ६० टक्के आयओ-यूरिंगमधल्या त्रुटींवर आधारलेल्या होत्या. त्यानंतर त्यांनी क्रोमओएसवर ते बंद केले. डॉकरच्या मूळ सेककॉम्प (सिस्टिम कॉल गाळणाऱ्या) प्रोफाइलमध्येही ते अडवलेले आहे, त्यामुळे कंटेनरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅमला ईपोलची पर्यायी वाट ठेवावीच लागते. तेव्हा आधी ईपोल शिका.

पाटीपेन्सिल

एकापेक्षा जास्त वर्कर (तेच काम वाटून घेणाऱ्या प्रोसेस) ठेवणार असाल तर एवढे जोडतो. एकच लिसन करणारा सॉकेट सगळ्यांनी आपापल्या ईपोलमध्ये नोंदवला तर एका कनेक्शनसाठी सगळे जागे होतात. ४.५ मधला ईपोल-एक्सक्लूझिव्ह ही गर्दी कमी करतो, पण तोही नुकत्याच वाट पाहायला लागलेल्या वर्करला आधी उठवतो, आणि लांब चालणाऱ्या कनेक्शनच्या सर्व्हरमध्ये दिवसभरात एकाच वर्करकडे सगळा भार साचतो. ट्रॅकरसाठी ३.९ पासूनचा रियूज-पोर्ट घेऊन प्रत्येकाला स्वतंत्र रांग द्यावी. वाटणी बऱ्यापैकी समान होते.

निळी_शाई

मर्यादा वाढवल्यावर दहा हजार कनेक्शनवर कोअर दोन-तीन टक्क्यांच्या वर जात नाही. वर्करांची गरज इतक्यात दिसत नाही. शेवटचा एक प्रश्न राहतो. घाटात किंवा बोगद्यात रेंज गेलेला ट्रॅकर बाहेर आल्यावर नवे कनेक्शन उघडतो, आणि जुने कनेक्शन सर्व्हरवर तसेच दिसत राहते. ईपोल-आरडीहप लावूनही त्याची काही सूचना येत नाही.

अनुस्वार

येणारही नाही. रेंज गेली तेव्हा ट्रॅकरकडून निरोपाचे पाकीट निघालेच नाही, आणि पाकीट नाही तर घटना नाही; यात ईपोल, केक्यू, आयओ-यूरिंग सगळे सारखेच. टीसीपीचा कीपअलाइव्ह लावता येतो, पण लिनक्सवर तो मुळात ७,२०० सेकंदांनी पहिली चौकशी करतो आणि नंतर ७५ सेकंदांच्या अंतराने नऊ वेळा, म्हणून सॉकेटगणिक ते आकडे कमी करावे लागतील, आणि ट्रॅकरच्या सिमवर उगाच पाकिटे जातील. तुमचे ट्रॅकर ठरलेल्या वेळी स्वतःच बोलतात, तेव्हा ‘तीन मिनिटे आवाज नाही तर तोडा’ असा नियम सर्व्हरवरच ठेवणे सरळ पडेल.

त्यासाठी प्रत्येक कनेक्शनला वेगळा टायमर किंवा हीप नको. सगळ्यांची मुदत एकच असल्यामुळे एक दुहेरी लिंक्ड लिस्ट पुरते: ज्याचे पाकीट आले त्याला उचलून शेवटी न्यायचे, म्हणजे सर्वांत जुना आपोआप पुढे राहतो. ईपोल-वेटला वेळेची मर्यादा द्यायची ती पुढच्याच्या उरलेल्या मुदतीइतकी, आणि परतल्यावर पुढून मुदत संपलेले तेवढे काढत जायचे. वेळ मोजायला मोनोटॉनिक घड्याळ घ्या. वेळ जुळवणाऱ्या एनटीपीने यंत्राचे घड्याळ मागे-पुढे केले तर भिंतीवरच्या वेळेने हिशेब करणारा सर्व्हर एका फटक्यात सगळे ट्रॅकर तोडून बसेल.